कोरडवाहूची सतरावी कॅसेट

"चोरानं एकवीस कॅसेट ठेवल्या आणि एकच नेली," राजेश्री म्हणाली. तिनं मांडीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

परभणीत झेरॉक्सच्या दुकानावर रेणुका कऱ्हाळेची खाजगी तपासाची एक खोली होती. खिडकीपाशी आश्रुबाकाका बसले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेले, आता रेणुकाच्या सोबतीला असलेले आणि जिथं कीर्तन तिथं टाळ घेऊन हजर असणारे.

"कोणाच्या कॅसेट?" रेणुकानं विचारलं.

"माझ्या भावाच्या. परमेश्वरच्या. 'कोरडवाहू' नावाचा त्यांचा बँड होता. गिटार, ड्रम आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या. कंपनी नाही, मालक नाही. सगळं स्वतःच करायचे आणि हौसेनं कॅसेटवरच भरून ठेवायचे. आठ वर्षांपूर्वी दादा गेला. घशाचं ऑपरेशन होतं, त्यातून उठलाच नाही."

आता पुण्याहून वैष्णवी नावाची मुलगी ही अजून बाहेर न आलेली गाणी प्रसिद्ध करायला आली होती. परवा एकादशीला दुपारी राजेश्रीनं डबा उघडून तिच्यासमोर बावीस कॅसेट मोजल्या. संध्याकाळी मायलेकी कीर्तनाला गेल्या. दाराला नुसती कडी. काल सकाळी चूल पेटवायच्या आधी वैष्णवी डबा न्यायला आली, तेव्हा सतरा नंबरची केस रिकामी होती.

"तीच का महत्त्वाची?"

राजेश्रीनं ती केस बाहेर काढली. "ताडकळसचा शेवटचा कार्यक्रम आहे तो. बाजाराच्या मैदानात ऐन संध्याकाळी लाइट गेली. जनरेटरवर नुसता भोंगा चालला, रेकॉर्डर सेलवर होता, आणि दादा अंधारात आईची ओवी गायला. सगळं गाव आईला अजून तेच सांगतं. आईनं ते कधी ऐकलं नाही. आता तिचा डावा कान गेलाय, उजवा तीन-चार महिने टिकेल म्हणतात डॉक्टर. ताई, कान मिटायच्या आत तिला तो ऐकवायचाय."

रेणुकानं रिकामी केस उचलली. आत परमेश्वरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ताडकळस. डावा माइक ड्रमपाशी, उजवा भोंग्यापाशी.' शेजारच्या केसवर बोटाएवढा पांढुरका डाग वाळला होता. त्याला दोन मुंग्या लागल्या होत्या.

"परवा घरात स्वयंपाक काय होता?"

"एकादशी ना. भगर आणि शेंगदाण्याची आमटी."

"आणि ह्या डब्याला काल सकाळनंतर कोणी हात लावला?"

"कोणीच नाही. मी तसाच कापडात बांधून ठेवला."

आश्रुबाकाकांनी डोकं खाजवलं. "भगरीचं आन चोरीचं काय नातं, बाई?"

"तेच बघायला यांच्या गावी, पिंगळीला चलायचं, काका."

"परवाच तर मी तिथं टाळ धरून होतो! कीर्तन उशिरा सुरू झालं, पण पखवाज काय लागला होता म्हणता! बजरंगचा हात म्हंजे हात. मी तर डोळेच मिटून घेतले."

"तुम्ही नेहमीच मिटता," रेणुका म्हणाली.

*

परमेश्वरच्या आईनं, कस्तुराबाईंनी, उजवा कान पुढे करून त्यांना बसवून घेतलं. सत्तरीची बाई, पण पाठ ताठ. कोपऱ्यात जातं होतं.

"मावशी, परमेश्वर इथंच गाणं शिकला?"

"ह्याच जात्यापाशी. पर लय उलट्या खोपडीचा. मी म्हणायचे, 'दाण्यामागं दाणा, जातं माझं फिरतं, लेकराच्या वाटंवर मन माझं झुरतं.' मग दुसरी, 'पिठावानी चांदणं दारामंदी सांडतं, झोपलेलं लेकरू माझं सपनात भांडतं.' हा दरवेळी चांदण्यापासूनच सुरू करायचा. मी म्हणायचे, आरं येड्या, दळल्याबिगर पीठ कुठून येईल?"

त्या हसल्या. हसू ओठावरच थांबलं.

"शेवटी मातर रागावला माझ्यावर. ताडकळसला जायच्या आदी चार दिवस शब्द बोलला न्हाई. नुसती मान हलवायचा. मी म्हणलं होतं, हे वाजवणं सोड, लग्नाचं बघ. तेच लागलं आसंल त्याला. कार्यक्रम झाला आन तसाच नांदेडला गेला. मला निरोप आला, दुसरा कार्यक्रम हाय. दवाखाना हाय हे मागून कळलं. तोंड भरून बोलला न्हाई, पोरी. पर गायला. माझीच ओवी गायला. म्हंजे राग गेला आसंल ना?"

रेणुकानं त्यांचा हात हातात घेतला. आश्रुबाकाका उपरण्यानं डोळे पुसत बाहेर गेले.

*

वैष्णवी स्टेशनाजवळ भेटली.

"मीच नेली, असं वाटतं सगळ्यांना," ती चिडून म्हणाली. "अहो, मला तर सगळा डबाच मिळणार होता. मी कशाला चोरू? ती कॅसेट नसेल तर आमचा संग्रहच लंगडा."

"परवा संध्याकाळी कुठं होता?"

"परभणीच्या लॉजवर. तापानं फणफणले होते, पहाटे उतरला. मॅनेजरला विचारा."

मॅनेजरनं दुजोरा दिला. स्वतःच्या हातानं गोळ्या आणून दिल्या होत्या म्हणे.

गिटारवाला धम्मानंद गंगाखेडला विजेच्या सामानाचं दुकान चालवत होता. एसटीनं पोचेपर्यंत दुपार झाली. काउंटरवर भिंतीच्या पुट्टीचा उघडा डबा होता, हात पांढरे. आश्रुबाकाकांनी रेणुकाला कोपर मारलं.

"होय, भांडलो मी," धम्मानंद म्हणाला. "एकादशीला दुपारीच जाऊन राजेश्रीला सांगून आलो, चाली माझ्या आहेत, माझं नाव छापल्याशिवाय कॅसेट देऊ नका. पण चोरीन कशाला? त्याच कॅसेटमध्ये माझं सगळ्यात चांगलं वाजवणं आहे."

"अंधारात?"

"अंधारातच तर! परमेश्वरचा गळा त्या दिवशी वेगळाच लागला होता. जड, खालच्या पट्टीत. नेहमी उंच गायचा. मला घाईघाईनं पट्टी बदलून घ्यावी लागली. तिकडं ड्रमवर बजरंगचा एकच हात चालत होता. एक हात आणि पाय, बास. मी नंतर म्हणलं, झोपला होतास का रे? तर काही बोललाच नाही. पुन्हा ड्रमला शिवलासुद्धा नाही तो."

बाहेर पडताच आश्रुबाकाका कुजबुजले, "बाई, माणूस घावला! डाग पांढरा, हात पांढरे!"

"काका, पुट्टीला मुंग्या लागतात का?"

काका पिंगळीपर्यंत गप्प बसले.

बजरंग शेतातून नुकताच परतला होता. चाळिशीचा, दांडगा, नजर चुकवणारा. खुंटीला पखवाज टांगलेला होता. एका तोंडावर काळी शाई, दुसऱ्यावर वाळलेला पांढुरका गोल.

"बँडचं मला काय इचारू नका. आता देवाच्या दारात वाजवतो, तेवढंच."

"गाता का कधी?"

तो दचकला. "मी? न्हाई बा. मला ओव्या कुठं येतात."

"परमेश्वर कसा होता?"

त्यानं उंबऱ्याकडे नजर वळवली. "भाऊ होता," एवढंच म्हणाला.

रेणुका उठली. "उद्या दुपारी कस्तुराबाईंकडे या. पखवाज घेऊन. गवसणीसकट."

*

दुसऱ्या दिवशी जात्यापाशी सगळे जमले. वैष्णवीनं कॅसेटचं यंत्र आणि हेडफोन आणला होता. बजरंग कापडी गवसणी घातलेला पखवाज छातीशी धरून दाराजवळच बसला.

"बोलायच्या आधी मावशींना विचारते," रेणुका त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. "लोकांनी सांगितलंय तेच जवळ ठेवायचंय, की खरं ऐकायचंय? खरं जरा कडू आहे."

कस्तुराबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "कान चाललाय माझा. खोटं ऐकायला आता सवड न्हाई, पोरी. बोल."

"डब्यात डाग होता. कणकेचा. मुंग्या लागलेली, ओल्या बोटांनी लागलेली कच्ची कणीक. दुपारी मोजताना केसेस स्वच्छ होत्या, सकाळी डाग होता. मधे एकादशी. ह्या घरात भगर शिजली, दुसऱ्या दिवशी चूलही पेटली नव्हती. मग उपासाच्या संध्याकाळी गावात कणीक कोण भिजवतं?"

आश्रुबाकाकांचा हात कपाळावर गेला. "पखवाजी! डाव्या तोंडाला कणीक थापल्याशिवाय पखवाज बोलतच न्हाई! जल्मभर मी पखवाजाच्या शेजारी बसलो..."

"डोळे मिटून," रेणुका म्हणाली. "कीर्तन उशिरा सुरू झालं. गाव देवळात जमलं होतं, पखवाजी यायचा होता. पण कोणी नेली एवढ्यानं भागत नाही. का नेली?"

बजरंगनं मान खाली घातली.

"धम्मानंद सांगतात, त्या दिवशी गळा वेगळाच होता. आणि बजरंगचा एकच हात चालत होता. दुसऱ्या हातात काय होतं? माइक. त्या अंधारात परमेश्वर गायला नाही, मावशी. बजरंग गायला."

राजेश्रीनं पदर तोंडाशी नेला. धम्मानंद उभाच राहिला. कस्तुराबाई मात्र हलल्या नाहीत.

"खरं हाय का, बजरंग?"

"खरं हाय, माय." दांडगा गडी लेकरासारखा रडायला लागला. "त्याचा आवाजच गेला होता. स्टेजवर तोंड उघडलं आन नुसती हवा आली. तेवढ्यात लाइट गेली. त्यानं माइक माझ्या हातात कोंबला, हात जोडले. आन कुणाला सांगायचं न्हाई, अशी आण घातली. मग तुमाला गाव सांगायला लागलं, तुमचं पोरगं अंधारात गायलं. तुमी त्याच्यावर जगायलात. ती कॅसेट लागली आसती आन माझा आवाज निघाला आसता, तर काय राहिलं आसतं तुमाला? जाळायला गेलो होतो. हात झाला न्हाई."

त्यानं गवसणीच्या तळातून कॅसेट काढून कस्तुराबाईंच्या पायाशी ठेवली.

"आवाज कधीपासून गेला होता?" रेणुकानं विचारलं.

"ताडकळसच्या आदी चार दिवसांपासून. मायला कळू नये म्हणून मान हलवायचा."

कस्तुराबाईंनी उजवा कान त्याच्याकडे केला. "म्हंजे... रागावला नव्हता?"

"नव्हता, माय. तुमची काळजी वाटायची त्याला."

आठ वर्षं ताठ राहिलेली पाठ वाकली. राजेश्रीनं आईला सावरलं. बाहेर रेल्वे गेली, भांडी थरथरली, पुन्हा शांत झालं.

"अजून एक राहिलंय," रेणुका हळूच म्हणाली. "बजरंग, तुम्हाला ओव्या येत नाहीत. मग अंधारात शब्द कोणी दिले?"

"त्यानंच. ड्रमच्या मागं वाकून, माझ्या कानात. मी माइक बाजूला धरायचो, तो नुसत्या हवेनं कुजबुजत ओळ सांगायचा, मग मी गायचो."

"काका, कीर्तनात बुवा पुढे चरण सोडतो आणि मागचे धरतात. इथं धरणारा पुढे होता आणि बुवा मागे. आणि रेकॉर्डिंगचा डावा माइक कुठं होता? ड्रमपाशी."

बजरंगनं डोळे विस्फारले. त्यानं ती कॅसेट कधी लावलीच नव्हती.

वैष्णवीनं कॅसेट यंत्रात घातली, हेडफोन कस्तुराबाईंच्या कानांवर चढवला. गाणं सुरू झालं. त्या एकाग्रतेनं ऐकत राहिल्या. मग मान हलवली.

"बजरंगच हाय. चांगला गायलास रे. पर माझा... न्हाई ऐकू येत."

सगळ्यांचे चेहरे पडले. आश्रुबाकाका पुढे सरकले. "आवो बाई, डाव्या माइकचा आवाज डाव्या कानात! आन मायचा तोच कान गेलाय." त्यांनी हेडफोन काढला आणि उलटा घातला.

वैष्णवीनं कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली.

कस्तुराबाईंनी हेडफोन उजव्या कानावर दोन्ही हातांनी दाबून धरला. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत काय येत होतं, ते खोलीत कोणाला कळत नव्हतं. नुसता त्यांचा चेहरा दिसत होता.

त्यांचे डोळे भरून आले. मग कपाळावर बारीकशी आठी पडली.

"पुन्यांदा चांदण्यापासूनच सुरू केलंस," त्या समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या. "आरं येड्या, दळल्याबिगर पीठ कुठून येईल?"

आणि डोळे मिटून, एक हात जात्याच्या खुंट्यावर ठेवून, त्यांनी पहिली ओवी धरली.