शून्य नंबरची पट्टी

"चिमटे, हल्ली शून्य नंबरची पट्टी का नसते गं?" भोंग्याने विचारलं.

ती डबीत नव्हतीच. सुट्टीभर मावशीच्या प्रयोगशाळेत चिमटी आणि तिचा मावसभाऊ भोंग्या यांचं काम एकच, पट्ट्यांवर पेन्सिलने नंबर घालायचे. मावशी एका दुर्मिळ, बुटक्या रानझाडाची पानं द्रावकात भिजवी, अर्क आटवी आणि त्याचा थेंब पट्टीवर ठेवी. पट्टीवर पानातली रसायनं सुटी होत आणि निळ्या दिव्याखाली त्यांचे तीन ठिपके दिसत. शून्य नंबरवर मात्र पान न घालता आटवलेलं नुसतं द्रावक असे. ती कायम कोरीच निघते, म्हणून मोठ्या सरांनी सोमवारपासून तिला फाटा दिला होता.

आणि सोमवारीच चौथा ठिपका उगवला! नवं रसायन सापडलं म्हणून सर हवेत होते. ते ओळखायला अर्क पुरेना, तेव्हा कड्यावरची शेवटची अकरा झाडं मुळासकट आणायला त्यांनी आज माणूस धाडला होता.

"सोमवारी आणखी काय बदललं रे?"

"काचेच्या बाटल्या संपल्या. सरांनी द्रावक प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरलं."

 चिमटी धावतच मावशीकडे गेली. "मावशी, शून्य नंबर कर. आत्ताच."

"अगं, सर ओरडतील."

"मला ओरडू देत. पण झाडं जातील ना!"

मावशीने कॅनमधलं नुसतं द्रावक आटवून त्याचा थेंब शून्य नंबरच्या पट्टीवर ठेवला. दिव्याखाली एकच ठिपका दिसला, नेमका चौथ्याच्या जागी. ते रसायन झाडाचं नव्हतंच. कॅनच्या प्लॅस्टिकमधून उतरलं होतं.

मावशीने पट्टी सरांपुढे धरली, तसा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कड्यावर गेलेल्या माणसाला फोन लावला.

"नऊ उपटली, साहेब," पलीकडून आवाज आला. "दोन राहिलीत."

"त्यांना हात लावू नकोस!"

संध्याकाळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. या दोन पोरांमुळे दोन झाडं वाचली." टाळ्या झाल्या. चिमटीला मात्र रडू फुटलं, कारण तिला नऊच दिसत होती.

ती नऊ झाडं कुंड्यांत लावली. सर रोज स्वतः पाणी घालत, पण एकेक करून सगळी माना टाकत गेली. आठव्या दिवशी शेवटचं झाडही वाळलं. सरांनी ती कुंडी उचलून कडेला ठेवली. मग आत येऊन त्यांनी एक पट्टी घेतली, तिच्यावर स्वतःच्या हाताने शून्य काढलं आणि ती चिमटीपुढे धरली.

"यापुढे आधी ही."

चिमटीने ती डबीत सगळ्यांत पुढे लावली.