मिसोच्या पिंपावरचे दगड

सुझुनो जेवत नव्हती. हट्ट नाही, आजार नाही. ताटासमोर बसायची आणि तोंड मिटून घ्यायची. बालवाडी सुरू झाली तेव्हापासूनचं हे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. पण आंघोळ घालताना तिच्या बरगड्या माझ्या बोटांना लागायच्या आणि ते काही ठीक नव्हतं.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "तुझ्या घरात सूप पाकिटातून येतं, नात्सुहो. पोरीनं खावं तरी कशासाठी?" स्वतःच्या हातानं केलेलं मुलं खातात, असं सांगून त्यांनी परस्पर मिसोच्या संग्रहालयात आमची तिघींची नावं दिली. गाव ट्रेननं जवळच. जुन्या कारखान्याचाच अर्धा भाग आता संग्रहालय आहे. उरलेल्या अर्ध्यात अजून सोयाबीन शिजतं, आंबतं आणि त्याचा सुपात घालायचा मिसो होतो. स्टेशनवर उतरलं की वास येतो.

सुरुवात छान झाली. भिंतीत लाकडी खण होते. एकेक ओढून वास घ्यायचा. एकात सुकवलेला मासा, एकात समुद्रशेवाळ, एकात मिसोसाठी मुद्दाम बुरशी चढवलेला भात. सुझुनोनं प्रत्येक खणात नाक घातलं, पण चमच्यावर काही पुढे केलं की ओठ मिटले. आम्हाला फिरवणारी हिराइवासान तरुण होती, मानेला माइक लावलेली. ती सासूबाईंना म्हणाली, आजी, तुम्ही पण वास घेऊन बघा ना.

"मी तो जन्मभर घेतेय, बाळ. तूच घे. तुझ्याही घरी पाकीटच असणार."

हिराइवासान हसली. नाही म्हणाली नाही.

मग आम्ही कोठारात गेलो. आत गारवा होता, जमीन मातीची. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच लाकडी पिंपं, आणि प्रत्येक पिंपावर नदीतल्या गोट्यांचा शंकूसारखा ढीग. त्या भारानं मिसो वर्षानुवर्षं दबत राहतो. ढीग असा रचतात, हिराइवासान सांगत होती, की भूकंपातही गोटा निसटत नाही. ते शिकायला कारागिराची उमेदीची वर्षं जातात. टोकाला मुलांसाठी एक कोपरा केला होता. मुलांच्या कमरेएवढं पिंप, त्याच्या उजव्या हाताला गोट्यांची टोपली. बघा, कुणाचा ढीग टिकतो.

सासूबाई थांबल्या. मीही. मुलांनी दगडावर दगड ठेवू नये, हे आमच्यात कुणी मुद्दाम शिकवत नाही, तरी प्रत्येकाला माहीत असतं. लहानपणी मेलेली मुलं पैलतीरावर आईबापांसाठी दगड रचत बसतात, आणि ढीग पुरा होत आला की राक्षस येऊन तो पाडतो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आहे. खेळ आहे, असं मनाशी म्हटलं आणि सुझुनोचा हात सोडला.

ती बराच वेळ रचत होती.

दोन-चार गोट्यांनंतर सगळ्यांचाच ढीग पडतो, असं हिराइवासान माइकमधून सांगत होती. मग ती सांगायची थांबली. मोठे गोटे कडेला, मधल्या फटीत लहान, प्रत्येक गोटा जरासा आतल्या बाजूला कललेला. सुझुनोनं घरी कधी ठोकळे नीट लावले नव्हते.

"हिला कुणी शिकवलंय का हो?" हिराइवासाननं माइक बंद करून विचारलं.

मी नाही म्हणाले. माझं लक्ष टोपलीकडे होतं. ढीग सुझुनोच्या छातीपर्यंत आला होता आणि उजवीकडची टोपली काठोकाठ भरलेली होती.

ती डावा हात मागे करत होती. मागे दोन मोठ्या पिंपांमधली फट, अंधारी, माझा खांदाही गेला नसता एवढी. हात रिकामा जायचा आणि गोटा घेऊन यायचा.

त्या गोट्यांवरून पाणी ओघळत होतं.

मी जवळ जाऊन बसले. हळू आवाजात विचारलं, कोण देतंय तुला?

"जेवायचे राहिलेत ते," सुझुनो म्हणाली. "आधी त्यांचं पुरं व्हायला हवं. मग मी जेवणार."

"किती राहिलंय?"

"एकच."

तिचा हात पुन्हा मागे गेला.

मी ढीग पाडला.

दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून. गोटे जमिनीवर पडले, घरंगळले, थांबले. ते सगळे थांबल्यावरही फटीत काहीतरी घरंगळत राहिलं, दूर, खूप खाली.

सुझुनो रडली नाही. माझ्याकडे मात्र तिनं असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे पाहतात.

सासूबाईंनी तिला उचलून घेतलं. "ते पाडणारी तू कोण?" एवढंच मला म्हणाल्या. परतीच्या गाडीत त्यांनी एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी सुझुनो जेवली. सूप, भात, मुळ्याचं लोणचं, पुन्हा भात. तेव्हापासून रोज जेवते. गालांवर मांस आलं आहे, बालवाडीच्या बाई कौतुक करतात. नवऱ्याला वाटतं, संग्रहालयाचा गुण. मी तांदूळ आता दुप्पट घेते. उरत काही नाही.

एकच गोष्ट आहे. जेवणाआधी आम्ही सगळेच हात जोडतो; सुझुनो हात जोडून ठेवते आणि माझी वाट पाहते. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. सूप निवलं, तिचे ओठ पूर्वीसारखे मिटले.

"आई, तू सांग ना जेवायला," ती शेवटी म्हणाली. "तू सांगितल्याशिवाय ते खात नाहीत. घाबरतात तुला."

मी सांगते. रोज, तिन्ही वेळा. सगळ्यांनी जेवा, असं मोठ्यानं म्हणते, आणि मगच माझी मुलगी घास उचलते. आवाज मऊ ठेवायचा फार प्रयत्न करते. तरी सुपाचं भांडं घेऊन मी खोलीत पाऊल टाकलं की टेबलाच्या पलीकडची चटई करकरते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बसलेल्यांनी भिंतीकडे सरकावं तशी.