न फोडलेला पेला

राजवाडा जळाल्यापासून ग्रीसमधल्या पिलोसच्या टेकडीखाली कुंभाराचं चाक फिरलं नव्हतं. कुंभारच पळून गेला, मग चाक कोण फिरवणार? घरोघरी टवके उडालेली भांडी होती आणि बायका ती लेकरांसारखी जपत. एरिथाच्या घरात धड म्हणावा असा एकच पेला उरला होता, उंच दांड्याचा. तो सासऱ्यांचा होता.

सासरे, कोकालो, जन्मभर राजवाड्यासाठी गुलाबतेल उकळत आले. भट्टी थंडावली तसे तेही थंडावले. गाव सोडून होडीने बेटांकडे जायचं ठरलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा बाबांनो. पण मला बाजूला सारायला कोण येणार?"

त्यांचा मुलगा केरोवो हे ऐकून बाहेर निघून गेला. घराण्याची कबर एकच, डोंगराच्या पोटात कोरलेली. नवं माणूस आलं की दार उघडायचं, आधीच्याची हाडं हलकेच भिंतीकडे सारायची आणि मधली जागा झाडून नव्याला द्यायची. जो शेवटचा, त्याला कोणी सारत नाही. तो तसाच मध्ये पडून वाट बघतो.

होडी निघायच्या आधीच म्हातारा गेला. केरोवोने आईची हाडं भिंतीकडे सारली, बापाला मध्ये निजवलं, दगड रचून दार बंद केलं. आता मेलेल्याचा पेला सुनेने दारावर फोडायचा. ज्याचा पेला फुटला, त्याचा निरोप पुरा झाला. एरिथा पुढे झाली. सगळ्यांकडे पाठ होती. तिने पायाशी पडलेलं जुनं खापर उचलून दारावर आपटलं आणि पेला शालीत सरकवला.

"फुटला का गं नीट?" शेजारची वोर्दिया म्हणाली. "का सासऱ्यापेक्षा पेल्यातच जीव जास्त?"

"फुटला की! कान गेले वाटतं मावशी तुमचे."

लोभ म्हणा, काटकसर म्हणा. लेक फिलो लहान होती. परमुलखात तिला पाणी प्यायला धड भांडं असावं, एवढंच एरिथाच्या मनात होतं.

पेल्याला गुलाबाचा वास येत होता. म्हाताऱ्याचा हात जन्मभर लागलेला, वास येणारच, असं म्हणून तिने तो राखेने घासला. वास वाढला. फिलो मात्र त्या पेल्यावर खूश होती. पाणी प्यायची, पुन्हा पुढे करायची. दुसऱ्या भांड्याला तोंड लावेना. घडा रिकामा झाला तरी तहान भागेना.

मग एरिथाच्या लक्षात आलं, पोर पेला दांड्याला धरत नाही. दोन्ही तळव्यांत दाबून धरते. उकळत्या तेलाने बोटं आखडलेले कोकालो असाच धरायचे. पोरं नकला करतात, तिने स्वतःला समजावलं. पण फिलो झोपली तरी तिची बोटं आखडलेलीच राहिली.

होडी निघायच्या सकाळी पोर तापाने फणफणली. किनाऱ्यावर गाठोडी चढत होती.

"अहो, मी पेला फोडलाच नाही," एरिथा म्हणाली.

केरोवोचा चेहरा उतरला. "अगं बये! आणि पोर त्यातून पितेय?"

"मामंजींचा निरोप अर्धा राहिलाय. म्हणून पोरीला धरून बसलेत. मी फोडून येते."

"पळ. नावाडी कुणाच्या बापासाठी थांबायचा नाही."

पेला सोडवताना तिला फिलोची बोटं एकेक करून उघडावी लागली.

कबरीच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ऊन चढलं होतं, दारावरचे दगड तापले होते. एरिथाने कपाळ त्यांना टेकवलं.

"मामंजी, चुकलं माझं. तुमचा पेला घ्या आणि पोरीला सोडा."

तिने पेला आपटला. त्याचे तुकडे तुकडे झाले आणि गुलाबाचा वास एकदम गेला. तिला रडू फुटलं. किती सोपं होतं हे! तेव्हाच केलं असतं तर?

डोळे पुसल्यावर तिला दिसलं, दणक्याने वरचा एक दगड आत पडला होता. तिने फटीतून वाकून पाहिलं. उन्हाची तिरीप आत गेली होती.

मध्ये कोणी नव्हतं.

सासूच्या हाडांशेजारी, भिंतीकडे, सासऱ्यांची हाडं सारून ठेवलेली होती. पांढरी, कोरडी. अजून तर चंद्रही पालटला नव्हता.

मधली जागा स्वच्छ झाडलेली होती.

लहानशीच.

एरिथाच्या हातात दांड्याचा तुकडा उरला होता. हा पेला आता सासऱ्यांचा कुठे होता? इतके दिवस त्यातून कोण पीत होतं?

ती धावत सुटली. ठेचा लागल्या, शाल काट्यांत राहिली.

केरोवो गुडघाभर पाण्यात उभा होता. खांद्यावर गुंडाळलेली फिलो. तो हसत होता. किती दिवसांनी हसत होता!

"ये, ये लवकर! सुटलो बघ आपण. ताप झटकन उतरला. पाणीसुद्धा मागत नाही. हात लावून बघ, अंग कसं गार झालंय."

एरिथाने हात पुढे केला नाही. फिलोचा हात त्याच्या पाठीवर लोंबत होता. बोटं सरळ झाली होती.