दारातली हाक

चार वाजेपर्यंत बारा साड्यांना लेस लावून द्यायची होती, म्हणून त्या दुपारी मी दार उघडं टाकून उंबऱ्याशी उजेडात बसले होते. डिंडोलीतली आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली एम्ब्रॉयडरीचं खातं, म्हणजे कारखाना आहे, त्या मशिनींनी दिवसभर फरशी थरथरते. नवा माणूस वैतागतो. आमच्या ललितला मात्र त्याशिवाय झोप येत नाही.

ललित अडीच वर्षांचा. सकाळपासून त्याचं अंग कढत होतं. माझे मिस्टर योगेंद्र कडोदऱ्याला लूमवर जाताना औषध द्यायला सांगून गेले. मी औषध दिलं, आणि अतिशहाणी मी, घाम यावा म्हणून वरून दोन गोधड्या गुंडाळल्या. मे महिन्यात, सुरतेच्या उन्हात! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तीनच्या सुमाराला वीज गेली आणि खालच्या मशिनी एकदम थांबल्या. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. उन्हामुळे सगळ्यांची दारं लावलेली. सुई कापडातून जाते तोही आवाज येत होता. मग पाठीमागे कुणीतरी फरशीवर ठोकायला लागलं... बारीक, भरभर.

ललितची टाच आपटत होती.

त्याचे डोळे वर गेले होते, दात गच्च मिटलेले, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. ओठ निळे पडत चालले होते. आकडी आली की दातात चमचा घालायचा, एवढंच मी लहानपणापासून पाहिलेलं. मांडणीवरचा चमचा ओढला आणि त्याचा जबडा धरला.

"नको माय... तोंडमा काहीच घालू नको."

दारात एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पाठीमागे लख्ख ऊन, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतल्या कपड्यांचा येतो तसा वास आला. बोलणं आमचंच, अहिराणी. शेजारच्या पुष्पाबाईंकडे कुणी पाहुणी आली असेल, असं मला वाटलं.

"गोधडी काढ... कुशीवर कर त्याले... दाबी धरू नको."

ती सांगत गेली, मी करत गेले. लाळ गालावरून ओघळून गेली. झटके मंदावले, थांबले, आणि पोर माझ्यासमोर चिंधीसारखं पडून राहिलं. श्वास चालतोय की नाही, तेच कळेना.

"बलाऊ का त्याले?" तिने हळूच विचारलं.

आमच्या सासरी एक रीत आहे. पोर असं बेशुद्ध पडलं की त्याचा जीव उंबऱ्याबाहेर वाट चुकतो म्हणतात. मग एका बाईने बाहेरून नाव घेऊन तीनदा विचारायचं, "ऊना का?" म्हणजे आला का. आणि आईने आतून म्हणायचं, "ऊना." सासूबाई हे सांगायच्या तेव्हा मी तोंड फिरवून हसायचे. त्या दिवशी नाही हसले.

"बलावा, बलावा!"

"मारुती... ऊना का?"

"ऊना!"

"मारुती... घर ऊना का?"

"ऊना, ऊना!"

तिसऱ्यांदा, आईजवळ आला का असं विचारताना, तिचा आवाज कापला. "मारुती... मायजोडे ऊना का?"

"ऊना!" मी किंचाळलेच.

नाव कानावर पडत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. शप्पथ सांगते, त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की माझ्या पोराने डोळे उघडावेत. त्याने उघडले. पण माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. लहान मुलांना तापात अशी आकडी येते, बहुतेकांना पुढे काही होत नाही, डॉक्टर म्हणाले. पाच मिनिटांवर गेली तर मात्र क्षणभरही न थांबता घेऊन यायचं. "तोंडात काही घातलं नाहीत, कुशीवर वळवलंत, फार शहाणपण केलंत बेन."

घरी आल्यावर आधी पुष्पाबाईंच्या पाया पडले. म्हटलं, तुमच्या पाहुणीने माझं पोर वाचवलं.

"कोनती पाहुणी? मनाकडे कोणीच नही."

मी सगळं सांगितलं. मारुती हे नाव ऐकताच त्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"कोपराना खोलीमा राहे ती. तिना पोऱ्या मारुती. तापमा आकडी उनी, तिनी दातमा चमचा कोंबा... दम कोंडाई गया पोऱ्याना. वरीसभरमा तीबी गयी." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तू... काय म्हणनी तिले?"

मी मनगट सोडवून घेतलं.

ललित आता ठणठणीत आहे. खातो, पळतो, भांडी आपटतो. नावाने हाक मारली की चटकन वळत नाही, एवढंच. पूर्वी तो बापाचं ऐकून मला 'वल्छा' म्हणायचा. वर्षा म्हणता येत नव्हतं लबाडाला. दवाखान्यातून आल्यापासून 'माय' म्हणतो, अगदी स्वच्छ. योगेंद्र खूश आहेत, पोरगा शहाणा झाला म्हणतात. खोटं कशाला बोलू, तो गळ्यात पडला की माझाही जीव भरून येतो. आणि तेव्हाच भीतीही वाटते.

परवा दुपारी दार लावून मी त्याला मांडीवर झोपवलं होतं. बाहेर, अगदी उंबऱ्याशी, कुणीतरी बारीक आवाजात मुसमुसलं...

"वल्छा... दाल उघल..."

माझ्या ओठांवर ओ आलीच होती. तेवढ्यात मांडीवरच्या पोराने, डोळे न उघडता, आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला.