लाव ना क्लिप, मधु

पटलं नाही तरी चालेल, पण यातला एक शब्दही मी बनवलेला नाही. जिच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी बहीण आहे.

गेल्या मार्चमधली दुपार. इंदूर, पलासियाजवळचं एक खाजगी हॉस्पिटल.

मधुरिमाताई सर्जन आहे. तिच्याबरोबर शिकलेला यशवर्धन त्याच हॉस्पिटलात होता. ताई विभागप्रमुख झाली आणि त्याने तिच्याशी बोलणंच सोडलं. तिची ऑपरेशनं मात्र तो मागे उभा राहून बघायचा...

ती कधी चुकते याची वाट बघत.

जानेवारीत महू रोडवर त्याची गाडी उलटली. जागीच गेला.

त्या दुपारी टेबलावर बेटम्याच्या भानुमतीबाई होत्या. पित्ताशयात खडे. दुर्बिणीचं रोजचंच ऑपरेशन. पित्ताशयाची नळी पडद्यावर स्वच्छ दिसत होती. क्लिप लावून ती बंद करायची, कापायची, झालं.

ताईने क्लिप पुढे नेली...

आणि मॉनिटरची टिकटिक थांबली.

तिने भूल देणाऱ्या निखिलकडे पाहिलं. तो निवांत होता. टिकटिक फक्त तिलाच ऐकू येत नव्हती.

मग मास्कच्या आत लवंगेचा वास आला. यशवर्धन सतत लवंग चघळायचा.

मानेवर श्वास... गार.

"लाव ना क्लिप, मधु. सब क्लियर तर आहे."

ताईचा हात जागीच राहिला. जिवंत असताना ज्याला हिचं बरं बघवलं नाही, तो आज मदत कशाला करेल?

तिने क्लिप मागे घेतली. नळीत डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडून फोटो काढायला सांगितला.

चित्र आलं.

ती पित्ताशयाची नळी नव्हतीच. काही माणसांत यकृताच्या उजव्या भागाची पित्तनळी वेगळी, खूप खाली उतरते, आणि पित्ताशय तिलाच जोडलेलं असतं. ती कापली असती, तर बाईंच्या पोटात पित्त पसरलं असतं.

ताईच्या मागे कुणीतरी करकरा दात खाल्ले...

मग टिकटिक ऐकू यायला लागली.

भानुमतीबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. जळकुटा मेल्यावर तरी कामाला आला, असं ताई म्हणाली. पण हसली नाही.

मागच्या आठवड्यात ती संध्याकाळी घरी आली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसून राहिली.

"शिखा, आज तो परत आला होता."

काय म्हणाला, मी विचारलं.

"आज म्हणाला... थांब."

मग तू काय केलंस, असं मी दोनदा विचारलं. "त्याच्या उलटच करायचं ना," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशीचा पेशंट अजून आयसीयूत आहे. फोन वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो... आणि उचलत कुणीच नाही.