दसऱ्याच्या आधीचा रविवार

“हात लावू नका त्याला,” मी लांबूनच ओरडले.

तो सरळ उभा राहिला. पोटऱ्यांपर्यंत चिखलात, पायजमा गुडघ्यावर ओढलेला, खांद्यावर कुणा साहेबाची गोल्फच्या काठ्यांची जड बॅग. आणि त्याच्या पायाशी अर्धा रुतलेला माझा चेंडू.

“नाही लावला,” तो म्हणाला. “पण तुम्ही इथूनच मारणार असाल तर बूट काढून या. नाहीतर ते इथंच राहतील.”

गोल्फमध्ये चेंडू पडेल तिथूनच मारायचा असतो. मी सतरा वर्षांची होते आणि नियमांची फार पक्की होते. बूट काढले, साडीचा पदर खोचला आणि उतरले चिखलात. दोनदा मारलं, चेंडू हलला नाही. तिसऱ्यांदा डोळे मिटून जोरात मारलं तेव्हा तो उडाला खरा, पण त्याच्याबरोबर ओंजळभर चिखलही उडाला आणि थेट त्या मुलाच्या तोंडावर बसला. त्यानं शांतपणे आधी एक डोळा पुसला, मग दुसरा.

“निघाला चेंडू,” तो म्हणाला. “बाकीचं धुऊन निघेल.”

शिवडीच्या टेकडीच्या उतारावर आमचा हार्बर हिल क्लब होता. नऊच होलचं लहानसं मैदान. खाली गोदामं, त्यापलीकडे खाडीचा चिखल. आम्ही राहायचो ठाकूरद्वारला. पण बाबा लष्करी डॉक्टर म्हणून देवळालीला असताना मी तिथल्या मैदानावर खेळायला शिकले होते, आणि मुंबईला आल्यावरही माझा खेळ सुटला नव्हता.

साहेबाची हाक येईपर्यंत आम्ही चार वाक्यं बोललो असू. त्याचं नाव रघु. तेराव्या वर्षापासून तो इथं रविवारी पैसे घेऊन बॅगा उचलत होता. पुढच्या रविवारी, दसऱ्याला, तो नसणार होता; घरचे सगळे दीक्षेसाठी नागपूरला निघाले होते.

“आणि आल्यावर बॅग उचलणार नाही,” तो म्हणाला. “ही शेवटची.”

ते छप्पन्न साल. त्यानंतर सव्वा वर्ष मला तो दिसला नाही... आणि मी मात्र दर रविवारी त्या चिखलाकडे एकदा तरी पाहत होते.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत क्लबनं कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी चषक ठेवला. नाव द्यायला गेले तर टेबलाशी तो उभा. पांढरा शर्ट, नीट भांग, सिद्धार्थ कॉलेजचं पत्र हातात. सुताच्या दोरीनं बांधलेल्या पाच जुन्या काठ्या त्यानं भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. विलायतेला परत जाताना एका साहेबानं त्या त्याला देऊन टाकल्या होत्या.

“चिखल निघाला का?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

“एका कानातला आहे अजून,” तो म्हणाला.

मुलींच्या स्पर्धेत आम्ही चौघीच होतो. मी दुसरी आले, आणि मग सरावाचं काही कारण उरलं नसतानाही रोज सकाळी मैदानावर जायला लागले. तो पाच काठ्यांत ते करायचा जे इतरांना चौदांत जमत नव्हतं. चेंडू मारण्यापूर्वी तो एक श्वास सोडायचा, आणि तो श्वास संपेपर्यंत माझा अडकलेला असायचा. खेळ झाला की आम्ही परळच्या नाक्यापर्यंत चालत जायचो. तिथल्या इराण्याकडे चहा घ्यायचो. तो संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांबद्दल सांगायचा, नायगावच्या चाळीबद्दल सांगायचा, मी कॉलेजबद्दल बडबडायचे. तो मला ‘तुम्ही’ म्हणायचा. मीही त्याला ‘तुम्ही’च. कपाखालची बशी माझ्याकडे सरकवताना त्याची बोटं टेबलावर जरा जास्त वेळ रेंगाळायची... एवढंच. त्याहून पुढं काही नाही.

पण तेवढंही मला मनात मावेना, आणि मी ते वसंतला सांगितलं.

वसंत माझा आत्येभाऊ. शिवाजी पार्कला राहायचा, माझ्याबरोबरच देवळालीच्या सुट्ट्यांत गोल्फ शिकला होता. आत्या मला लहानपणापासून ‘सूनबाई’ म्हणायची आणि आम्ही दोघं हसायचो. तो अजूनही थट्टाच समजतो, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. चिखल, साहेबाची बॅग, दसऱ्याच्या आधीचा रविवार. तो ऐकत राहिला, आणि हसला नाही. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

अंतिम सामना ठरला तो वसंत आणि रघु यांच्यात.

सामना रविवारी होता. शुक्रवारी क्लबच्या फळ्यावर रघूविरुद्धच्या तक्रारीचा कागद लागला. स्पर्धा हौशी खेळाडूंची होती, आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्यानं पैसे घेऊन बॅग उचलली तो हौशी धरला जात नव्हता. रघूच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे अडतीस. म्हणजे छप्पन्नच्या ऑक्टोबरात तो अठराच्या पुढं होता. रविवारी सकाळी क्लबची समिती बसणार होती. तोवर त्याचं नाव स्थगित.

मी कागद वाचत होते तेव्हा तो मागं येऊन उभा राहिला.

“त्या दिवसाचं कुणाला सांगितलं होतंत?” त्यानं हळूच विचारलं.

“वसंतला,” मी म्हटलं. “पण मी... मला वाटलंच नाही की—”

“बरं,” तो म्हणाला.

रागावला असता तर मी काही बोलले असते. भिंतीला टेकवलेल्या काठ्या घेऊन तो उतारावरून निघून गेला. मी हाक मारली ती त्याला ऐकू गेली असणार. तो वळला नाही.

वसंतला मी गाठलं. नियम तो नियम, एवढंच तो म्हणत राहिला. पण बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

शनिवारी दुपारी मी नायगावला निघाले. परळला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. लालबागच्या पुढं ट्रॅम सरकेना. मी उतरून चालायला लागले. रस्ताभर माणसं, हातात झेंडे, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ची आरोळी. त्या गर्दीत मी रघूचा चेहरा शोधत होते आणि तो दिसू नये असंही वाटत होतं. चाळीचा नंबर मला ठाऊक होता, खोली विचारत गेले.

खोलीत त्याची आई, जाईबाई, एकट्याच होत्या. तांदूळ निवडत बसल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली रघूची पुस्तकं. वडील कोंडीराम मिलच्या रिंग खात्यात सूत कातायला होते, ते पाळीवर गेले होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“तू कोन त्याची?” त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, “एक जून मास्तरनं लिवलं. या चाळीतली निम्मी पोरं एक जूनचीच हायत. माझा रघु संपाचा.”

म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. दिवाळी होऊन गेली होती. सरकारच्या कायद्याविरुद्ध एका दिवसाचा मोठा संप झाला, सगळ्या गिरण्या बंद. कोंडीराम मोर्चाला गेले, आणि झेंडा घेऊन घरी आले तेव्हा सुईण दारात उभी होती. तारीख जाईबाईंना ठाऊक नव्हती. साल रघूच्या वयावरून मोजायचं, दिवस संपाचा. त्यापलीकडे त्यांना कधी लागलंच नव्हतं.

तारीख कोण सांगणार? त्या काळात बाबा परळच्या इस्पितळात नवे डॉक्टर होते. त्यांना विचारायचं म्हणजे का विचारते हेही सांगावं लागणार होतं. मी घरी गेले आणि संध्याकाळच्या चहाला त्यांच्यासमोर बसून सांगितलं.

बाबांनी चहाचा एक घोट घेतला.

“सात नोव्हेंबर अडतीस,” मग ते म्हणाले. “त्या दिवशी ड्यूटीवर होतो. जखमी आणत होते, जेवायला वेळ मिळाला नव्हता.” कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “आणि तुझ्या आत्याला मी काय सांगू?”

“खरं तेच सांगा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

ते कप घेऊन आत गेले. पण रविवारी सकाळी त्यांनी स्वतः टॅक्सी थांबवली आणि नायगावला घ्यायला सांगितली.

क्लबच्या समितीच्या खोलीत सहा माणसं होती. अध्यक्ष एक वयस्कर पारशी गृहस्थ. जाईबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि दीक्षेला नेसलेल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन त्या आत आल्या. रघु भिंतीशी उभा होता. आईला पाहून तो पुढं झाला, मग मागोमाग मला पाहिलं आणि जागीच थांबला. त्यानं आम्हाला बोलावलं नव्हतं. तो कुणापुढं हात पसरायला आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं.

जाईबाईंनी संपाचं सांगितलं. बाबांनी तारीख सांगितली. त्या हिशेबानं छप्पन्नच्या ऑक्टोबरात रघूला अठरा पुरी व्हायला एक महिना बाकी होता. सेक्रेटरी म्हणाले, संपाची तारीख खरी असेल, पण मुलगा त्याच दिवशी झाला याला पुरावा काय?

“त्या दिवशी कळा मला आल्या व्हत्या, साहेब,” जाईबाई म्हणाल्या. “कागदाला न्हाय.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळले. बॅग उचलताना मी त्याला पाहिलं तो दिवस कोणता?

मी सांगितलं. दसऱ्याच्या आधीचा रविवार, सात ऑक्टोबर. पुढच्या रविवारी तो नागपूरला होता, आणि त्यानंतर त्यानं बॅग उचललेली इथं कुणीही पाहिलेली नाही.

“सव्वा वर्षापूर्वीचा दिवस तुम्हाला इतका पक्का कसा आठवतो?” सेक्रेटरींनी विचारलं.

खोलीत बाबा होते. दारात वसंत होता. भिंतीशी तो... मला वाटलं, आत्ता जे बोलेन ते परत घेता येणार नाही.

“कारण त्या दिवशी हे मला पहिल्यांदा दिसले,” मी म्हटलं.

कुणीतरी खुर्ची सरकवली. मी वर पाहिलंच नाही.

अध्यक्षांनी वसंतला आत बोलावलं. तक्रार तुमची, ते म्हणाले, तेव्हा तुम्हीच सांगा, या बाईंच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही का? वसंत जाईबाईंकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि आत्याची ती ‘सूनबाई’ त्याला कधीच थट्टा वाटली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. खालून गोदीचा भोंगा वाजला आणि थांबला.

“आहे,” तो म्हणाला. “तक्रार मागं घेतो.”

दुपारी सामना सुरू झाला. रघु माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. जाईबाई झाडाखाली बसल्या होत्या. मी माणसांच्या घोळक्याबरोबर मैदानभर चालत होते आणि दर दोन होलनंतर त्यांना येऊन सांगत होते. कधी वसंत एकानं पुढं, कधी रघु. वसंत त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. जणू त्याच्याकडे आता सांभाळायला दुसरं काही उरलंच नव्हतं. त्याच नऊ होलची दुसरी फेरी संपत आली, आणि अठराव्या होलला दोघं बरोबरीत आले. वसंतचा चेंडू आत गेला. रघूचा होलपासून चार हातांवर होता. तो गेला असता तर सामना पुढं चालला असता.

त्यानं श्वास सोडला. माझा अडकला. चेंडू नीट निघाला, होलच्या काठाला वळसा घालून गेला आणि बोटभर अंतरावर थांबला.

रघु क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं टोपी काढली, वसंतजवळ गेला आणि हात पुढं केला. वसंतनं तो दोन्ही हातांत धरला.

“हरला का?” जाईबाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“हरू दे. सकाळपास्नं जेवला न्हाय तो.”

चषक घेऊन येताना वसंत माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “आईला मी सांगतो, लले. तू नको सांगूस.” आणि पुढं निघून गेला. मला त्याचे आभार मानायचे होते. ते राहूनच गेले.

बाबांना क्लबात कुणी ओळखीचे भेटले होते. सहापर्यंत घरी ये, एवढंच ते म्हणाले. आम्ही तिघं परळच्या नाक्याकडे निघालो. जाईबाई झपझप पुढं चालल्या होत्या, मुद्दाम असाव्या. रघु काठ्यांचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता.

“दोन दिवस तुमच्यावर चिडलो होतो,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“सकाळी तुम्ही ते बोललात... मग सामन्यात लक्ष लागेना.”

“म्हणजे माझ्यामुळं हरलात?”

“चार हातांवरचा तो चेंडू माझ्यामुळं चुकला. आधीचे दोन तुमच्यामुळं.”

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. त्यानं ते पाहिलं आणि रस्त्याकडे बघत बोलायला लागला. पुढच्या वर्षी बीए होईल. मग पोर्ट ट्रस्टची परीक्षा. एका सभासदानं पैसे घेऊन आमच्या मुलांना शिकव म्हणून विचारलं होतं, त्याला तो नाही म्हणाला होता. नोकरी करून रविवारी खेळेल, हौशीच राहील. चषकाला पुन्हा नाव देईल. बोलता बोलता तो थांबला.

“आणि तुमच्या बाबांना भेटायला येईन,” तो म्हणाला. “नोकरी लागली की.”

“कशाला?”

“विचारायला.”

बाबांनी सकाळी टॅक्सी थांबवली होती, पण अजून होकार दिला नव्हता. आत्या काय म्हणेल, ठाकूरद्वार काय म्हणेल, नायगावची चाळ काय म्हणेल... मला सगळं दिसत होतं. त्यालाही दिसत असणार.

“बाबांना मागाहून,” मी म्हटलं. “आधी मला विचार.”

तो रस्त्यात उभा राहिला. इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ मी मोडलं होतं, आणि आता त्याची पाळी होती. त्यानं काठ्या खांद्यावरून खाली ठेवल्या.

“तू...” तो म्हणाला, आणि तो एक शब्द उच्चारून पाहत असल्यासारखा पुन्हा म्हणाला, “तू थांबशील माझ्यासाठी?”

“थांबेन,” मी म्हटलं.

नाक्यावर ट्रॅम आली. जाईबाई चढल्या, दांड्याला धरून त्यांनी मागं वळून आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि कंडक्टरला घंटी मारायला सांगितली. आमच्यापैकी कुणीही धावलं नाही.