खिडकीबाहेरचा फलाट

मुलांनो, आगगाडीचा असा एक डबा डोळ्यांपुढे आणा, ज्याला एकच भिंत आहे. एक बाक, एक खिडकी. खिडकीपलीकडे मोठा पडदा, आणि मागून त्यावर पडणारं रेल्वे फलाटाचं हलतं चित्र. कॅमेऱ्यातून पाहिलं, की गाडी खरोखरच स्टेशनात उभी आहे असं वाटतं.

१९४७चा हिवाळा होता. लंडनबाहेरच्या एका गारठलेल्या स्टुडिओत युद्धातल्या हेरांवरच्या स्वस्तातल्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नऊ वर्षांची एव्हरिल डनक हेराच्या मुलीचं काम करत होती, आणि मधल्या वेळात मी तिला गणित शिकवत होते. तिच्या वडिलांचं जहाज युद्धात बुडालं होतं. तार येऊन तीन वर्षं झाली, तरी ‘डॅडी येणार आहेत’ असंच ती म्हणायची.

“पोरी, नीट ऐक,” दिग्दर्शक क्रॅब म्हणाले. “फलाटावर तुझा बाप उभा आहे. त्याच्यावर शत्रूची नजर आहे. तू ओळख दाखवलीस की तो मेला. मग चेहरा कसा?”

“दगडासारखा.”

“शाब्बास. बापाचं काम करणारा नट उद्या येईल. आज नुसतं गर्दीकडे बघ.”

फलाटाचं चित्र जुन्या बातमीपटातून कापून घेतलेलं होतं. पहिल्या टेकला दूर, चहाच्या गाड्यापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. दुसऱ्या टेकला तो आमच्याकडे वळलेला होता. तिसऱ्याला गाड्याच्या बराच अलीकडे, दिव्याच्या खांबाशी.

मी पडद्यामागे, प्रोजेक्टर चालवणाऱ्या विल्फकडे गेले. “दर वेळी वेगळी फिल्म लावतोस का रे?”

“वेगळी? अहो मिस, इथे चहासुद्धा कालचीच पत्ती उकळून मिळतो! तीच पट्टी उलटी गुंडाळून पुन्हा लावतोय.”

मी पट्टी उजेडात धरून भिंगातून पाहिली. गाडा होता. खांब होता. तो माणूस कुठेच नव्हता.

परत आले तर एव्हरिलचे हात बर्फासारखे गार पडलेले.

“मिस,” ती कुजबुजली, “तो डावा पाय ओढतोय. डॅडींसारखा.”

“चल, आपण घरी जाऊ.”

“नको ना! मी अजून एकदाही ओळख दाखवली नाहीये.”

चौथा टेक. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

पाचवा. कोटाच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

सहावा. खिडकीत नुसती कोटाची बटणं. एव्हरिलचा चेहरा दगडाचाच.

“कट! झकास!” क्रॅब ओरडले. पडदा पांढरा झाला.

“मिस्टर क्रॅब, आता ओळखलं तर चालेल?”

“आता काय वाट्टेल ते कर, राणी,” हॅट शोधत ते म्हणाले.

एव्हरिल बाकावर सरकली, फ्रॉक भिजू नये म्हणून गुडघ्यांशी आवळून धरला, आणि शेजारी एका मोठ्या माणसापुरती जागा केली.